स्तनापेक्षा काखेचा प्रश्न मोठा निघाला : पुण्यातील एका स्तनरोग विभागाचे परीक्षण

माझी थोरली बहीण सातारा जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ५४. गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या दिवसांत आंघोळ करताना तिच्या उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. गाठ दुखत नव्हती, म्हणून निकालपत्रके पूर्ण होईपर्यंत तिने ती कोणालाही सांगितली नाही. पुढे पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या स्तनरोग विभागात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या विभागाविषयी, आणि विशेषतः शस्त्रक्रियेआधी तेथे मिळणाऱ्या सल्ल्याविषयी, हे लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव लिहायचे नाही ही ताईची अट आहे. नाव आले की गावातले लोक बाकीचे आपोआप जुळवतील असे तिचे म्हणणे, आणि ते खरे आहे. मात्र अशा विभागात गेल्यावर काय विचारावे आणि काय मागून घ्यावे हे नावावाचूनही सांगता येते.

मी स्वतः सहकारी बँकेत तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासली. त्यामुळे कागद पूर्ण नसताना कोणी सही मागितली की मला आधी शंका येते. ताईला आम्ही प्रथम जवळच्या शहरातील एका शल्यचिकित्सकांकडे नेले होते. त्यांनी सोनोग्राफी पाहिली, गाठ चाचपली आणि सांगितले, "पूर्ण स्तन काढून टाकू. या वयात ठेवून तरी काय करायचे?" चौथ्या दिवसाची तारीखही दिली. बायोप्सीचे काय, असे मी विचारले तेव्हा उघडल्यावर बघू, असे उत्तर मिळाले. त्यांच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. पण ज्या गाठीचा कर्करोग अजून कागदावर सिद्ध झालेला नव्हता तिच्यासाठी अवयव काढण्याची तारीख ठरली होती, आणि ताई मान डोलावत होती. शिक्षकांना आज्ञापालनाची सवय असते, हे मी तिला नंतर चिडून म्हणाले.

पुण्यातील विभागात पहिली गोष्ट झाली ती ट्रूकट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचे काडीसारखे तुकडे काढणे. "सुई लागली की पसरतो" ही धास्ती आमच्याकडे इतकी रुजलेली आहे की परिचारिकेने न विचारताच तिचे उत्तर दिले: असा काही पुरावा नाही, आणि सुईने कळणारी गोष्ट चिरून पाहण्यात शहाणपण नाही. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्यात कर्करोगाचा प्रकार, त्याची प्रत (म्हणजे ग्रेड, पेशी किती आक्रमक दिसतात ते) आणि ईआर, पीआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का) व हर-टू (त्या नावाचे प्रथिन पेशींवर जास्त आहे का) या तीन तपासण्यांचे निकाल होते. ते शस्त्रक्रियेआधी हाती असण्याचे कारण मला नंतर कळले. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असलेल्या आणि आकाराने मोठ्या गाठींसाठी पुष्कळदा केमो आधी देतात. गाठ आक्रसते आणि एरवी पूर्ण काढावा लागला असता असा स्तन वाचण्याची शक्यता निर्माण होते. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी चौथ्या दिवशी सुरी चालवली असती तर तो प्रश्न विचारण्याची वेळच निघून गेली असती. ताईची गाठ २.४ सेंटिमीटरची आणि हार्मोनला प्रतिसाद देणारी निघाली, त्यामुळे तिच्या बाबतीत शस्त्रक्रिया आधी करण्याचे ठरले.

आता मुख्य भाग. अहवाल आल्यावर डॉक्टर मॅडम, समुपदेशन करणारी परिचारिका, ताई आणि मी असे चौघे एका छोट्या खोलीत पाऊण तासाहून अधिक वेळ बसलो होतो. मॅडमनी कोऱ्या कागदावर एक वर्तुळ काढले, त्याला घड्याळासारखे आकडे दिले आणि दहाच्या आकड्यापाशी एक ठिपका ठेवला. "ही तुमची गाठ. उजव्या बाजूला दहा वाजता, म्हणजे वर आणि बाहेरच्या अंगाला." मग त्याच वर्तुळातून काखेकडे जाणारी एक शेपटी काढली. फळ्यावर आयुष्य काढलेल्या माझ्या बहिणीला इंग्रजी अहवालातून जे कळले नव्हते ते त्या चित्रातून अर्ध्या मिनिटात कळले, आणि तिने पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला: "पूर्ण काढला तर पुन्हा होणार नाही ना?"

हा प्रश्न बहुतेक प्रत्येक बाई विचारते, आणि त्याचे उत्तर सोपे करून सांगण्याचा मोह मॅडमनी टाळला, यासाठी या विभागाला मी सर्वांत जास्त गुण देते. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हॉलस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व गाठी काढण्याची पद्धत रूढ केली, आणि जितके जास्त काढू तितकी बाई सुरक्षित, हा समज पुढची सात-आठ दशके टिकला. १९७३ ते १९८० या काळात मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्या गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या. निम्म्या स्त्रियांवर हॉलस्टेड पद्धतीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि उरलेल्यांचा गाठीसह स्तनाचा चतुर्थांश भाग आणि काखेतील गाठी काढून किरणोपचार देण्यात आले. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच होते. स्तन राखलेल्या गटात त्याच स्तनात रोग परतल्याची ३० उदाहरणे होती. पूर्ण काढलेल्या गटातही तशी ८ होती, कारण स्तन काढला तरी छातीची त्वचा आणि चट्टा उरतोच. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही तोच होता. त्याने आणखी एक गोष्ट ठळक केली: नुसती गाठ काढून किरणोपचार टाळले तर वीस वर्षांत ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला, किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. हे आकडे जुन्या काळातील आहेत आणि आजची औषधे पाहता प्रमाण बरेच खाली आले आहे, हेही मॅडमनी जोडले. मी घरी येऊन आकडे पडताळले, बरोबर निघाले. सवय जात नाही.

म्हणजे "पूर्ण काढून मोकळे व्हा" या सल्ल्यातले "मोकळे" तेवढे खरे नाही. केमो द्यायची की नाही, हे शस्त्रक्रिया कोणती केली यावर नव्हे तर गाठीच्या स्वभावावर आणि ती किती पसरली आहे यावर ठरते. गाठ मोठी असली किंवा काखेत चार वा अधिक गाठी बाधित निघाल्या तर पूर्ण स्तन काढल्यावरही शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यावाच लागतो. आणि आनुवंशिक दोष नसताना दुसरा निरोगी स्तनही "एकदाचा" काढून घेतल्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. माझ्या शेजारणीने ताईला नेमका हाच सल्ला दिला होता, आणि तोही जिन्यात.

याचा अर्थ स्तन राखणे हेच बरोबर, असा नव्हे, आणि विभागानेही तसे भासवले नाही. एकाच स्तनात दूर दूर अनेक गाठी असणे, मॅमोग्राफीत कॅल्शियमचे संशयास्पद ठिपके सर्वत्र पसरलेले असणे, स्तन लालसर व सुजलेला असणारा दाहक प्रकार, छातीवर पूर्वी किरणोपचार झालेले असणे, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असणे, अशा वेळी पूर्ण स्तन काढणेच योग्य ठरते. पण वैद्यकीय कारणांपलीकडचे एक कारण मला तेथेच बाकावर भेटले. करमाळ्याकडची एक शेतकरी बाई, गाठ ताईएवढीच, स्तन राखणे शक्य होते. तिने पूर्ण काढण्याचा पर्याय घेतला. तीन-चार आठवडे रोज शेकासाठी पुण्यात राहायचे तर गोठ्यातल्या दोन म्हशी कोण बघणार, हा तिचा सरळ हिशेब होता. परिचारिकेने तिला एकदाच विचारले, की राहण्याची सोय झाली तर उत्तर बदलेल का. धर्मशाळेची माहितीही दिली. बाई नाही म्हणाली, आणि तो विषय तेथेच संपवण्यात आला. ताई पुण्यात माझ्या घरी राहू शकत होती, म्हणूनच तिला स्तन राखण्याचा निर्णय मनासारखा घेता आला, हे आम्ही दोघींनी मनोमन नोंदवून ठेवले.

स्तनाचा निर्णय अशा रीतीने अर्ध्या तासात झाला. पुढचा वेळ काखेवर गेला, आणि ताईच्या रोजच्या जगण्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा होता. घरी आम्ही काखेचा विचारच केला नव्हता. तिचा लिहिता हात उजवा, गाठ उजवीकडे, आणि निवृत्तीला चार वर्षे बाकी. रोज फळ्यावर डोक्याच्या वर हात नेऊन लिहायचे. कर्करोग पसरताना बहुधा प्रथम काखेतील लसिका ग्रंथींत जातो, म्हणून पूर्वी त्या सरसकट काढत. त्याची किंमत हात मोजतो: काख पूर्ण रिकामी केलेल्या शंभर स्त्रियांपैकी वीसेक जणींच्या हाताला कायमची सूज येते, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, खांदा आखडतो. आता काखेत तपासणीला काही लागले नसेल तर राखणदार ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, तेवढ्या शोधून काढतात. स्तनात निळे रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचले की ते वाहत जाऊन ज्या ग्रंथींत प्रथम पोहोचते त्या दोन-चार ग्रंथी काढून भूल असतानाच गोठवून तपासतात. त्या स्वच्छ असतील तर उरलेली काख तशीच ठेवतात, आणि सुजेचा धोका शंभरात पाच-सहांवर येतो. अमेरिकेतील एका अभ्यासाने २०११ मध्ये आणखी पुढचे दाखवले: स्तन राखून किरणोपचार घेणाऱ्या स्त्रियांत एक-दोन राखणदार ग्रंथी बाधित निघाल्या तरी प्रत्येक वेळी पूर्ण काख काढण्याची गरज नसते. रंगद्रव्य आणि किरणोत्सार टिपणारे उपकरण दोन्ही नसलेल्या ठिकाणी काखेच्या खालच्या ठरावीक भागातील ग्रंथी काढून तपासण्याच्या पद्धतीवर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये काम झाले आहे. त्यामुळे "आमच्याकडे ती सोय नाही" या उत्तरावर गप्प बसू नये, पर्याय विचारावा.

टाटा मेमोरियलचाच आणखी एक संदर्भ मी मॅडमना मुद्दाम विचारला. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १,५८३ स्त्रियांवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन हे साधे, स्वस्त भुलीचे औषध टोचलेल्या स्त्रियांत पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ९०.१ टक्के आणि न टोचलेल्यांत ८६.४ टक्के आढळले. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही देतो. पण हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." ही शाबासकी मी खिशात घातली.

शस्त्रक्रिया सव्वादोन तास चालली. काढलेला भाग ट्रेमध्ये आणून नातेवाइकांना दाखवण्याची पद्धत येथे आहे. ज्यांना नको त्यांनी आधी सांगावे. मी पाहिला. लिंबाहून थोडा मोठा पिवळसर गोळा, त्याला एका बाजूला आखूड आणि एका बाजूला लांब रेशमी दोरा शिवलेला. आखूड दोरा म्हणजे वरची बाजू, लांब दोरा म्हणजे बाहेरची, असे निवासी डॉक्टरांनी सांगितले. प्रयोगशाळेत त्याला वळसा घालून शाई लावतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या नाहीत तर कडा स्वच्छ मानतात. कोणत्या बाजूची कडा बाधित आहे हे दोऱ्यांमुळे कळते आणि पुन्हा जावे लागले तर तेवढीच बाजू कापता येते. ताईच्या तीन राखणदार ग्रंथी स्वच्छ निघाल्या, कडाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घाबरून घंटी वाजवली, कारण लघवी हिरवट-निळी झाली होती. तो रंगद्रव्याचा परिणाम होता आणि दिवसभरात गेला, पण आधी एक वाक्य सांगितले असते तर ती घंटी वाजली नसती.

येथून तक्रारी सुरू होतात. पहिली आणि गंभीर तक्रार संमतिपत्राची. पाऊण तास सुरेख मराठीत समजावणाऱ्या विभागाचे संमतिपत्र सहा पानांचे आणि इंग्रजीत होते, आणि ते भरतीच्या संध्याकाळी सात वाजता सहीसाठी आले. कडा बाधित निघाल्यास दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, ही महत्त्वाची बाब आम्हाला त्यातल्या चौथ्या पानावर प्रथम दिसली. समुपदेशनात ती यायला हवी होती. मराठी प्रत मागितल्यावर मिळाली, म्हणजे ती होती. फक्त कोणी देत नव्हते. दुसरी तक्रार: घरी आल्यावर नवव्या दिवशी काखेत पाणी साचून लिंबाएवढी सूज आली. सुईने ते काढणे पाच मिनिटांचे काम निघाले आणि हे अनेकींना होते असेही कळले, पण दोन रात्री आम्ही रोग परतला या भीतीत काढल्या.

पुनर्रचनेच्या बाबतीत हा विभाग कमी पडतो. पूर्ण स्तन काढणाऱ्या स्त्रीला पाठीचा स्नायू किंवा पोटाची चरबी वापरून, अथवा सिलिकॉनचे रोपण करून, त्याच वेळी किंवा नंतर स्तनाचा आकार पुन्हा घडवता येतो. रोपणावर शेक घ्यावा लागला तर ते आकसून कडक होण्याचा धोका वाढतो, म्हणून क्रम आधीच ठरवावा लागतो. करमाळ्याच्या बाईंना यातले काहीही सांगितले गेले नाही. प्लास्टिक सर्जन गुरुवारीच येतात आणि त्या मंगळवारी आल्या होत्या, एवढेच कारण. बाईंनी कदाचित नकोच म्हटले असते, परंतु ते त्यांनी म्हणायचे होते. घरी जाताना त्यांना स्वयंसेविकांनी सुती दोऱ्याने विणलेला, ब्लाउजमध्ये ठेवायचा हलका स्तन विनामूल्य मिळाला. तो त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "टाके बारीक घातलेत." जखमेतील पाणी बाहेर काढणाऱ्या दोन नळ्यांच्या बाटल्या गळ्यातल्या कापडी पिशवीत ठेवून त्या वॉर्डात फिरत, रोज सकाळी पाण्याचे माप वहीत लिहीत, आणि ते दिवसाला ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर नळ्या निघाल्या.

खर्चाबाबत: आम्हाला दिलेला अंदाज १ लाख ३५ हजारांचा होता, बिल १ लाख ५८ हजारांचे झाले. फरक रंगद्रव्य, गोठवून केलेली तपासणी आणि एक जादा दिवस यांचा. तिन्ही गोष्टी आधी ठाऊक असणाऱ्या होत्या, तेव्हा अंदाजातच धरायला हव्या होत्या. ताईला वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी बाबनिहाय बिल हवे होते. ते दोन खेपांनंतर मिळाले. करमाळ्याच्या बाईंचे सर्व महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले आणि तेथील आरोग्यमित्राने शिधापत्रिकेतील नावाची चूक स्वतः फोन करून निस्तरली, हे मुद्दाम लिहिण्यासारखे आहे.

फिजिओथेरपीला मात्र पूर्ण गुण. तिसऱ्या मजल्यावरील फिजिओथेरपिस्टनी माझ्या बहिणीचा व्यवसाय विचारला आणि भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम देताना भिंतीवर खडूने रोजची खूण करायला सांगितली. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे अशा एकोणीस खुणा आहेत. सर्वांत वरची खूण तिने शेकाच्या शेवटच्या आठवड्यात केली आणि तिच्याशेजारी तारीख घातली, ठळक, फळ्यावरच्या अक्षरात.

जाणाऱ्यांसाठी: बाह्यरुग्ण तपासणी मंगळवारी व शुक्रवारी असते आणि क्रमांक सकाळी साडेसातपासून देतात. मॅमोग्राफीच्या फिल्म बरोबर न्याव्यात, नुसता अहवाल चालत नाही. पुनर्रचनेविषयी ऐकायचे असेल तर गुरुवारची वेळ वेगळी मागावी. संमतिपत्राची मराठी प्रत पहिल्याच भेटीत घ्यावी. आणि मॅडमनी चित्र काढलेला कागद टेबलावर विसरू नये. आम्ही विसरलो होतो, परिचारिका तो घेऊन लिफ्टपर्यंत धावत आली.